काळे दाणे घातलेली जपानी ओकाकी: ती होते कशी, हाताची कशी ओळखायची, आणि पुण्यात घरी जमेल का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीने क्योटोच्या निशिकी बाजारातल्या एका जुन्या दुकानातून काळे दाणे घातलेल्या, नुसत्या मिठाच्या, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आणल्या आणि घरात सगळ्यांना आवडल्या. आता हा पदार्थ नेमका कोणता, 'हाताने केलेला' म्हणजे खरोखर किती हाताने, शाकाहारी माणसाने निर्धास्त खावा का, पुण्यात घरी जमेल का, आणि जमलाच तर पावसाळ्यात सादळू नये म्हणून काय करायचं, हे तुम्हाला हवंय. मी जपानात याच कामात आहे. तांदूळ धुण्यापासून जाळीवर चकत्या परतण्यापर्यंत सगळं केलंय, सध्या जास्त करून वाळवणाकडे बघतो. म्हणून उत्तरात वाळवणाला जरा जास्त जागा मिळेल, आणि मला वाटतं ती मिळायलाच हवी. या पदार्थाचं सगळं गणित पाण्याचं आहे.

आधी ओळख पटवू, कारण 'दाण्यांची जपानी चकती' म्हटलं तर तीन निरनिराळे पदार्थ हातात पडू शकतात. पहिली सेनबेई. ती आपल्या रोजच्या भाताच्या तांदळासारख्या साध्या तांदळाची. तांदळाचं पीठ वाफवायचं, मळायचं, लाटायचं, गोल कापायचं, वाळवायचं आणि भाजताना वरून दाबत राहायचं, म्हणजे ती सपाट आणि कडक राहते. टोकियोच्या उत्तरेला साइतामा प्रांतात सोका नावाचं गाव आहे, तिथली सोया सॉस लावलेली सेनबेई देशभर प्रसिद्ध आहे. दुसरी नांबु सेनबेई, ईशान्येकडच्या मोरिओका आणि हाचिनोहे भागातली. तिच्यात तांदूळ नसतोच. ती गव्हाच्या पिठाची, लोखंडी साच्यात भाजलेली, वर तीळ किंवा शेंगदाणे. तिसरी ओकाकी, आणि तुमच्याकडे आलेली बहुतेक हीच. ती चिकट तांदळाची. तो तांदूळ शिजवून, कुटून त्याची मोची करायची, तिची लादी घट्ट झाली की चकत्या कापायच्या, वाळवायच्या आणि भाजायच्या. हिचेच बारीक तुकडे केले की अरारे.

खात्री करायची तर चकती मोडून बघा. कडेने आत बारीक पोकळ थर दिसत असतील, आणि वरून बघताना काळा दाणा सुरीने आडवा कापला गेलेला, आतला पिवळसर गाभा उघडा पडलेला दिसत असेल, तर ती ओकाकी. सेनबेईत दाणा बहुतेक वेळा अख्खा दाबलेला असतो.

हा चिकट तांदूळ, जपानीत मोचीगोमे, वेगळा का लागतो हे नीट समजून घ्या, नाहीतर घरी पहिल्याच पायरीवर घोळ होईल. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. जपानी साध्या तांदळात अमायलोज साधारण पाचवा हिस्सा असतं, चिकट तांदळात जवळजवळ नसतंच. त्यामुळे चिकट तांदूळ कुटला की ताणला जाणारा, सलग गोळा होतो. पुढे भाजताना आतल्या पाण्याची वाफ झाली की तो गोळा फाटत नाही, फुगतो, आणि फुगलेला तसाच कडक होतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर शिजल्यावर मऊ आणि थोडे चिकट लागतात म्हणून ते चालतील असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही चालत. ते साधेच तांदूळ आहेत. त्यांची चकती खाण्यासारखी होईल, पण फुलणार नाही, दाताला गच्च लागेल.

ओकाकीचा उगम घरगुती आहे. नव्या वर्षाला जपानी घरांत देवापुढे मोचीच्या दोन गोल लाद्या एकावर एक ठेवतात. टोकियोकडे बहुतेक ठिकाणी ११ जानेवारीला, क्योटो-ओसाकाकडे १५ किंवा २० तारखेला ती लादी उतरवतात. तोवर ती दगडासारखी कडक झालेली असते. तिला सुरी लावणं अशुभ मानतात, म्हणून हाताने किंवा हातोडीने फोडतात. ते तुकडे वाळवून भाजायचे किंवा तळायचे, अशी ही उरलेल्या मोचीची सोय. होकुरिकू भागात, म्हणजे जपानी समुद्राच्या बाजूला, मोची मुद्दाम ऐन थंडीत करून वाळवायची रीत अजून आहे. तोयामा प्रांतातल्या तातेयामा गावात रंगीत मोचीच्या पट्ट्या माळांसारख्या टांगून वाळवताना दिसतात. थंडीच का, ते वाळवणापाशी सांगतो.

आता दाणे. जपानी बाजारातल्या ओकाकीत तीन प्रकारचे दाणे दिसतात: काळं सोयाबीन, हिरवट किंवा पिवळं सोयाबीन, आणि शेंगदाणे. काळ्या सोयाबीनमध्ये सगळ्यात मानाचं ते ह्योगो प्रांतातल्या ताम्बा-सासायामाचं. गावाचं नाव आधी नुसतं सासायामा होतं. पिकाचं नाव आणि गावाचं नाव एक असावं म्हणून २०१८ मध्ये मतदान झालं आणि मे २०१९ पासून शहराचं नावच ताम्बा-सासायामा झालं, इतका त्या दाण्याचा बोलबाला. तो दाणा वाळलेला असतानाही सेंटीमीटरभर जाड असतो, भिजला की त्याहून मोठा. नव्या वर्षाच्या पाकात शिजवलेल्या काळ्या दाण्यांसाठी त्याला तोड नाही. पण पातळ ओकाकीसाठी तो मला योग्य वाटत नाही. चार मिलिमीटरच्या चकतीत एवढा मोठा दाणा आला की त्याचा अर्धा भाग कापताना निखळतो आणि चकतीला भोक पडतं. मध्यम आकाराचे दाणे ओकाकीत जास्त नीट बसतात, आणि होक्काइडोकडून येणारं काळं सोयाबीन त्यासाठी बरं पडतं. दुकानात 'ताम्बाचा दाणा' अशी पाटी बघून जास्त पैसे मोजण्याआधी चकती जाड आहे का एवढं बघा. जाड असेल तर त्या दाण्याचा उपयोग झालाय.

दाण्याची तयारी हा या पदार्थातला सगळ्यात नाजूक भाग. सोयाबीन कच्चं घालून चालत नाही. उग्र वास राहतो, पचायलाही जड जातं, आणि भाजताना चकती जाळीवर असते तेवढ्या वेळात आतला दाणा शिजत नाही. पूर्ण शिजवून घातलं तर कुटताना चिरडतं आणि सगळी मोची करड्या रंगाची, लिबलिबीत होते. म्हणून दाणा आधी भिजवतात आणि वाफेवर अर्धामुर्धा शिजवतात. दोन बोटांत दाबला तर दबला पाहिजे, फुटता कामा नये. मग पंच्यावर पसरून वरचं पाणी पूर्ण टिपायचं. काळ्या सालीचा रंग पाण्यात उतरतो. दाणा ओला राहिला तर मोचीत प्रत्येक दाण्याभोवती जांभळट डाग पसरतो. थोडासा रंग उतरतोच आणि तो छान दिसतो. डाग मोठा आणि धूसर असेल तर दाणा ओला गेला असं समजायचं.

मोचीचं काम त्यामानाने सरळ. तांदूळ रात्रभर भिजतो, सकाळी निथळून वाफवतात, आणि गरम असतानाच कुटतात. जुन्या पद्धतीत दगडी किंवा लाकडी उखळ आणि लांब दांड्याचा लाकडी घण. एक जण मारतो, दुसरा दोन घावांच्या मध्ये ओल्या हाताने गोळा उलटतो. आता बहुतेक ठिकाणी कुटायला यंत्र आहे, आणि त्यात काही बिघडत नाही. यंत्रातही खालीवर आपटणारा घणच असतो. एकही भाताचा कण हाताला लागेनासा झाला की मीठ आणि सगळ्यात शेवटी दाणे घालायचे. दाणे घातल्यावर कुटायचं नाही, फक्त दुमडत जायचं. दहा-बारा घड्यांत दाणे सगळीकडे पोचतात.

मग हा गोळा लांबट साच्यात भरून थंड जागी दोन ते तीन दिवस ठेवतात. या वेळात स्टार्च पुन्हा घट्ट होतो, लादी कापण्याजोगी होते. कापायची वेळ साधणं हे अनुभवाचं काम. लवकर कापली तर सुरी चिकटते आणि दाणा ओढला जातो. उशीर झाला तर सुरी घसरते, लादी तडकते, आणि दाणे मोचीतून सुटून पाटावर टपटप पडायला लागतात. बरोबर वेळेला सुरी दाण्यातून जाताना हाताला बारीकसा अडथळा लागतो, बाकी कुठेच लागत नाही, आणि कापलेला दाणा मोचीच्या पातळीत गुळगुळीत बसलेला दिसतो. पहिली चकती कापून ती उजेडाकडे धरायची, दाण्याच्या कडेने उजेड आरपार आला तर लादीला अजून थोडा वेळ द्यायचा.

आता वाळवण. ताज्या मोचीत पाणी ४४-४५ टक्के असतं. भाजायला नेताना ते साधारण १५ ते २० टक्क्यांवर आणायचं असतं. एक किलो ओल्या चकत्या वाळून ७०० ग्रॅमच्या आसपास भरल्या की त्या तयार, असा सरळ हिशेब धरा. वजनकाटा हे इथलं सगळ्यात खात्रीचं साधन आहे. एवढं पाणी मुद्दाम ठेवतात, कारण तेच वाफ होऊन चकती फुलवणार असतं. त्याहून जास्त पाणी राहिलं तर एकाच ठिकाणी मोठा फुगा येतो, बाकीची चकती चिवट राहते आणि जाळीवरून उतरल्यावर फुगा बसतो. फार वाळवलं तर फुलायला वाफच नसते, चकती काचेसारखी कडक भाजते.

आपल्याकडे वाळवण म्हटलं की चैत्र-वैशाखातली गच्ची, कडक ऊन आणि संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळलेल्या कुरडया. ओकाकीला नेमकं याच्या उलटं लागतं: थंडी, सावली आणि हळू वारा. उन्हात चकतीचा पृष्ठभाग आधी सुकतो आणि त्याचं कवच होतं, आतलं पाणी बाहेर पडू शकत नाही. मग आत आणि बाहेर ताण वेगवेगळा पडून चकतीला चिरा जातात. ही अडचण साध्या ओकाकीतही असते, दाण्याच्या ओकाकीत ती दुप्पट होते, कारण दाणा आणि मोची एकाच वेगाने वाळत नाहीत. दाणा सुकला की आक्रसतो, भोवतालची मोची मागे राहते, आणि दाण्याभोवती केसासारखी बारीक गोल चीर पडते. ती डोळ्यांना सहज दिसत नाही. बोटाचं नख फिरवलं तर लागते. अशी चकती भाजली की दाणा खुळखुळतो किंवा गळूनच पडतो. जपानी समुद्राकडच्या भागात ऐन थंडीतली हवा गार असते आणि दमही धरून असते, त्यामुळे चकत्या दिवसेंदिवस एका चालीने वाळतात. कारखान्यात हेच काम वाळवणीच्या खोलीत तापमान आणि हवेतला ओलावा सांभाळून करतात. मधेच चकत्या गोळा करून झाकून ठेवायच्या, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या थरात सरकून सगळीकडे सारखं होतं, आणि मग पुन्हा पसरायच्या. हा विसावा दिला की चिरा निम्म्याहून कमी होतात. घरी करताना एवढी एक गोष्ट पाळली तरी खूप फरक पडेल.

भाजणं दोन टप्प्यांत. आधी मंद आचेवर चकती आतपर्यंत गरम होऊ द्यायची, मग २०० अंशांच्या वरची कडक आच. कोळशावर जाळीवर भाजताना चकती सुरुवातीला काहीच करत नाही, अपारदर्शक पांढरी होत जाते. मग कडा उचलल्या जातात, आणि तिथून काही सेकंदांत एक बाजू फुगायला लागते. फुगली की लगेच उलटायची, दुसरी बाजू फुगली की पुन्हा. सेनबेईसारखी ती दाबायची नाही. दाण्याला चिकटून असलेली मोची कमी फुलते, म्हणून चांगल्या दाण्याच्या ओकाकीचा पृष्ठभाग खालीवर असतो: दाण्यापाशी खळगा, दोन दाण्यांच्या मध्ये उंचवटा. मला तर भाजणाऱ्याचा हात त्या उंचवट्यांच्या रंगावरून कळतो. उंचवटे फिकट तपकिरी आणि खळगे पांढरट असतील तर आच बरोबर होती. सोया सॉस लावायचा असेल तर चकती गरम असतानाच लावतात आणि पुन्हा मंद उष्णतेत सुकवतात. दाण्याच्या ओकाकीला मी मीठच पसंत करतो. सोया सॉसचा वास जबरदस्त असतो, त्यात भाजलेल्या सोयाबीनचा गोडसर वास हरवतो.

'हाताने केलेली' याचा अर्थ दुकानागणिक बदलतो, आणि ते विचारायला संकोच करू नका. पाकिटावर 'तेयाकी' असेल तर भाजणं हाताने झालं, एवढंच ते सांगतं. पुष्कळ दुकानं वाळवलेल्या कच्च्या चकत्या त्या करणाऱ्या कारखान्यांकडून आणतात आणि भाजणं व चव देणं स्वतः करतात. त्यात फसवणूक नाही, तो या धंद्यातला जुना श्रमविभाग आहे, आणि चांगला भाजणारा विकतच्या चकत्यांचंही सोनं करतो. 'तेझुकुरी' म्हणजे हाताने बनवलेली. तिथे विचारावं की मोची कुठे कुटता आणि कुठे वाळवता. निशिकी बाजार म्हणजे ४०० मीटरच्या आतबाहेरची एक अरुंद छत असलेली गल्ली आणि तिच्यात सव्वाशेच्या आसपास दुकानं. तिथे मासळीच्या व्यापाराला अधिकृत परवानगी मिळाली ती १६१५ मध्ये. अशा गल्लीतल्या दुकानात आठवडाभराचं वाळवण पसरायला जागा कुठून येणार? ते काम दुसरीकडे होतं आणि तुमच्यासमोर होतं ते भाजणं. ज्यांचं वाळवण स्वतःचं आहे ते दुकानदार ते आनंदाने आणि सविस्तर सांगतात. तिथेच दुकानापाशी उभं राहून खा, बाजारात चालत चालत खाऊ नये अशी तिथल्या लोकांची विनंती असते.

पाकिटावरची घटकांची यादी बघा. चांगल्या मिठाच्या ओकाकीत तीन-चारच नावं असतात: चिकट तांदूळ, काळं सोयाबीन, मीठ, क्वचित तेल. जपानी कायद्यानुसार २०११ पासून तांदळाच्या पदार्थांवर तांदूळ कुठला ते सांगावं लागतं, त्यामुळे 'कोकुसान' म्हणजे जपानी तांदूळ, हेही तिथेच कळतं. यादीत प्रक्रिया केलेला स्टार्च, साखरेचे प्रकार, चव वाढवणारी अमिनो आम्लं अशी रांग असेल तर तो यंत्राने भराभर केलेला माल समजा. वाईट असतो असं नाही, पण मग हाताच्या मालाची किंमत देऊ नका. मोडक्या तुकड्यांची पिशवी मिळाली तर जरूर घ्या. माल तोच, किंमत कमी.

शाकाहाराचं उत्तर: नुसत्या मिठाची ओकाकी बहुतेक वेळा निर्धास्त. सोया सॉसवाली असेल तर सावध राहा, कारण त्या सॉसमध्ये अनेकदा बोनिटो माशाचा अर्क घातलेला असतो. भाषांतराचं ॲप यादीवर धरा आणि 'कात्सुओ' म्हणजे बोनिटो, 'एबी' म्हणजे कोळंबी, 'साकाना' किंवा 'ग्योकाई' म्हणजे मासळी, हे उच्चार दुकानदाराला विचारताना लक्षात ठेवा. ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. चकती तांदळाची असली तरी जपानी सोया सॉस करताना सोयाबीनइतकाच गहू घालतात, त्यामुळे सोया सॉसवाली ओकाकी त्यांना चालणार नाही. गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, दूध, अंडं, बकव्हीट ही नावं आणि २०२३ पासून अक्रोडही जपानी पाकिटांवर ॲलर्जीसाठी सक्तीने लिहिलेली असतात. सोयाबीन सक्तीच्या यादीत नाही, ते लिहावं अशी फक्त शिफारस आहे. ज्यांना सोयाबीन सोसत नाही त्यांनी यादी पूर्ण वाचावी.

आता पुण्यात घरी. चिकट तांदूळ मोठ्या शहरांत आशियाई किराणा दुकानांत थाई 'स्टिकी राइस' म्हणून मिळतो, तो चालतो. भारतातला पर्याय हवा असेल तर आसामचा बोरा साउल. तोही खराखुरा चिकट तांदूळ आहे. काळं सोयाबीन कुमाऊंकडे 'भट्ट' नावाने पिकतं आणि ऑनलाइन मिळतं. दाणा लहान असतो, पण मी वर म्हटलं तसं पातळ चकतीला तो फायद्याचाच. ते नसेल तर आपलं साधं पिवळं सोयाबीन घ्या, किंवा भाजून सोललेले शेंगदाणे. शेंगदाण्याला भिजवणं-वाफवणं नको, पण तेल जास्त असतं, म्हणून माल लवकर संपवा.

अर्धा किलो तांदळाला ८० ते १०० ग्रॅम कोरडे दाणे आणि सात-आठ ग्रॅम मीठ. पहिल्या वेळी दाणे कमीच घाला, हवं तर ६० ग्रॅम, म्हणजे चकत्या कापताना सुटणार नाहीत. तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, पातळ कापडावर पसरून ४० मिनिटं वाफवा. मधे एकदा पाण्याचा हबका मारा. कुकरमध्ये पाणी घालून शिजवलेला भात घेऊ नका, त्यात पाणी जास्त जातं आणि मोची कधीच घट्ट होत नाही. दाणे पाच-सहा तास भिजवून दहा-पंधरा मिनिटं वाफवा, बोटाने दाबून बघा, मग पंच्यावर सुकवा. घरात उखळ-मुसळ असेल तर उत्तम, नसेल तर कणीक मळायचा हुक लावलेला मिक्सर. पात्याचा मिक्सर नको, तो तांदळाची खळ करतो. मोची हाताला चिकटते म्हणून हात पाण्याने ओले करा, पण पाणी गोळ्यात जाऊ देऊ नका. दाणे शेवटी दुमडून घाला आणि प्लास्टिकचा कागद लावलेल्या ब्रेडच्या साच्यात दाबून भरा.

फ्रिजमध्ये एक ते दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने दाबून बघा, खूण उमटत नसेल तर तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या कापा. सुरी प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसा. वाळवणासाठी तुमचा फ्रिज हाच थंडीचा महिना: जाळीवर एका थरात, न झाकता दोन दिवस, दिवसातून दोनदा उलटायच्या. मग सगळ्या एका डब्यात बंद करून एक रात्र विसावा. मग पुन्हा जाळीवर. शेजारी कांदा-लसूण ठेवू नका, वास धरतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या कोरड्या हवेत त्या खोलीत, पंख्यापासून लांब ठेवूनही नीट वाळतात. वजन सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर आलं, आणि चकती वाकवल्यावर न लवता कट् करून मोडली, की थांबा.

भाजायला ओव्हन असेल तर १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मग २२० ते २३० वर चार-पाच मिनिटं, समोरून न हलता. फुगणं सुरू झालं की करपायला वेळ लागत नाही. ओव्हन नसेल तर तळा. जपानी घरांतही वाळलेल्या मोचीचे तुकडे सर्रास तळतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी तळायचाच सल्ला देतो, कारण सगळ्या बाजूंनी एकसारखी उष्णता मिळते आणि चकती डोळ्यांदेखत दुप्पट-तिप्पट फुलते. तेल मध्यम गरम, एका वेळी चार-पाच चकत्या, झाऱ्याने सतत उलटत. काढल्यावर लगेच मीठ भुरभुरवा. एखादा दाणा तेलात सुटून फुटू शकतो, म्हणून चेहरा जरा लांब ठेवा.

यातलं काहीच करायचं नसेल आणि नुसती चव हवी असेल तर भारतात 'कारी कारी' नावाचा तांदळाचा खाऊ मिळतो. तो नीगाता प्रांतातल्या कामेदा सेइका या कंपनीच्या आणि इथल्या दावत तांदूळवाल्या एलटी फूड्सच्या भागीदारीतून निघाला. जपानात तांदळाच्या खाऊचं सगळ्यात मोठं केंद्र नीगाताच आहे. 'कारी कारी' कारखान्यातला मालच आहे, दाण्याची ओकाकी नव्हे, पण तांदळाचा तो जपानी कुरकुरीतपणा कसा असतो हे त्यातून कळतं.

राहिली साठवण. तयार ओकाकीत पाणी जेमतेम ३ ते ५ टक्के असतं. जूनपासून आपल्याकडच्या हवेत उघडी राहिली तर ती तासाभरात मऊ पडायला लागते. सादळणं आणि खवट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दाण्याच्या ओकाकीत दोन्ही सांभाळाव्या लागतात. सोयाबीनमध्ये पाचवा हिस्सा तेल असतं, शेंगदाण्यात जवळपास निम्मं. सादळलेली ओकाकी परत आणता येते: ओव्हन १२० अंशांवर पाच-सात मिनिटं, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर परतून. गरम असताना ती मऊच वाटेल, पूर्ण गार झाल्यावर चावून बघा, आणि गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. खवट झालेली मात्र परत येत नाही. तिला जुन्या शेंगदाण्यासारखा वास येतो, ती टाकून द्या. म्हणून मोठं पाकीट फोडलं की लगेच लहान हवाबंद पुड्या करा, उजेडापासून दूर ठेवा, आणि महिनाभराच्या वर जायची असेल तर पुड्या फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर चकतीवर दव धरतं.

जपानी पाकिटातली ओलावा शोषणारी पुडी दोन प्रकारची असते. पारदर्शक खडे दिसत असतील तर सिलिका जेल, ती डब्यात पुन्हा वापरता येते. कागदी पुडीत पांढरी भुकटी किंवा खडे असतील तर तो बहुतेक वेळा कळीचा चुना. त्याला पाणी लागलं की तो तापतो आणि भाजू शकतो, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका, ओल्या कचऱ्यात टाकू नका, आणि पुडी टम्म फुगली असेल तर तिचं काम संपलंय, डब्यात नवी घाला.